अमानित्व

गेल्या उन्हाळ्यात कडोदऱ्याच्या चार रस्त्याजवळील एका वस्तीत आम्ही लग्नास गेलो होतो. कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांत राबणारी ती खानदेशी मंडळी. पंगत मांडून तयार होती. परंतु वराचे मामा काही केल्या उठेनात. टॉवेल-टोपीचा मान देताना त्यांचे नाव राहून गेले होते. आम्हांस मनातून हसू आले. पुढे यजमानांनी पाहुण्यांची नावे घेऊन आभार मानले. त्यांत आमचे नाव आले नाही, आणि ते हसू कोठल्या कोठे पळाले!

परतताना एक जुना शब्द आठवला: अमानित्व. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत हे पहिलेच. ‘मन्’ म्हणजे समजणे, त्यापासून ‘मान’. स्वतःस कोणी थोर समजणारा तो ‘मानी’, आणि तसे नसणे ते अमानित्व. आपण मराठी माणसे ‘मानी’ हे विशेषण कौतुकाने लावतो, म्हणून हा शब्द आपणांस किंचित टोचतो. अमानित्व म्हणजे अपमान नव्हे. तो दुसऱ्याने करावयाचा असतो. नुसती नम्रताही नव्हे. ‘नम्’ म्हणजे वाकणे, आणि वाकलेल्या देहात ताठ मन सुखाने नांदू शकते. सेमिनरीत लॅटिन शिकताना आम्हांस ‘हुमिलितास’ शब्दाच्या मुळाशी ‘हुमुस’, म्हणजे माती, असल्याचे सांगितले होते. लॅटिन शब्द माणसाची जागा दाखवितो. आपला शब्द त्याच्या दुखण्यावरच बोट ठेवतो.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरीत या एका शब्दावर कितीतरी ओव्या खर्ची पडल्या आहेत. लोक वाखाणू लागले की अमानी पुरुष कसा होतो? पारध्याने कोंडलेल्या हरणासारखा, किंवा पोहता पोहता भोवऱ्यात सापडलेल्या माणसासारखा कासावीस! बृहस्पतीएवढी सर्वज्ञता अंगी असली तरी मोठेपणाच्या भयाने तो वेडाचे सोंग घेऊन दडतो. ज्ञानेश्वर येथे मानास वाईट म्हणत बसत नाहीत. ते त्याचे भय दाखवितात. आम्हांस मात्र त्या मांडवात भय वाटले ते मान न मिळण्याचे.

मामांना अखेर टोपी मिळाली. ती डोक्यावर तिरकी ठेवून ते हसत पंगतीस बसले, आणि अर्ध्या घटकेत सारे विसरले. आमचे न घेतलेले नाव आम्हांस हे लिहीपर्यंत आठवते आहे.