फाइल समोर आहे, तरी सापडत नाही: टर्मिनल आणि सँडबॉक्स

उबंटूवर जेक्यू ही कमांड दिलीत आणि ती बसवलेली नसेल, तर टर्मिनल दोन रस्ते सुचवतं. स्नॅपनं घ्या, नाहीतर ॲप्टनं घ्या. समजा तुम्ही स्नॅप घेतलंत. टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरात एक जेसॉन फाइल आहे, ती उघडायला गेलात, तर उत्तर येतं की अशी फाइलच नाही. एलएस केलं तर फाइल समोर दिसते! माणूस इथे तासभर स्वतःच्याच टायपिंगवर संशय घेत बसतो.

भानगड अशी आहे, की बंदिस्त स्नॅपला स्वतःचं वेगळं टीएमपी मिळतं. नाव तेच, फोल्डर दुसरं. होम फोल्डर सहसा दिसतं, पण त्यातल्या टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली दिसत नाहीत. पेनड्राइव्हची परवानगी वेगळी द्यावी लागते. फाइलचं नाव न देता कॅट करून पाइपनं मजकूर आत ढकलला, तर मात्र काम होतं. कारण आता फाइल उघडतो तो कॅट, जेक्यू नव्हे.

आता हे मुद्दाम केलंय, बरं का. ॲप्टनं आलेला प्रोग्रॅम तुमच्या नावानं चालतो, म्हणजे तुमच्या एसएसएचच्या किल्ल्याही तो वाचू शकतो. ब्राउझर किंवा चॅटच्या ॲपला कोंडून ठेवावं, हे मला पूर्ण पटतं. फ्लॅटपॅक तर मुख्यतः डेस्कटॉप ॲपसाठीच घडवलंय. पण कमांड लाइनच्या हत्याराचा धंदाच मुळी कुठलीही फाइल घ्या, दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडा, असा आहे. त्याला खोलीत कोंडलं की निम्मा जीव गेला.

स्नॅपमध्ये यावर ‘क्लासिक’ नावाची सवलत आहे. तिथे भिंती काढून टाकतात, म्हणून स्टोअरवाले ती तपासून मगच देतात. मग पेटी कशाला, असा खवचट प्रश्न येतोच. नवी आवृत्ती लवकर मिळते, हे त्याचं उत्तर. ॲप्टमध्ये आवृत्ती जुनी असते, पण सामायिक लायब्ररीतलं भोक एकदा बुजवलं की ती वापरणाऱ्या सगळ्या पॅकेजना फायदा होतो. पेटीत ज्याची त्याची लायब्ररी, ज्याची त्याची जबाबदारी.

मागून प्रश्न आलाय, एफएफएमपेगचं काय? चांगला प्रश्न. अनोळखी व्हिडिओ फोडणाऱ्या हत्याराला बंधन असावंच. पण मी ते ॲप्टनं घेईन आणि लागेल तेव्हा बबलरॅपमध्ये चालवीन. फ्लॅटपॅकच्या पोटात तेच आहे, आणि ते सुटंही मिळतं. कुठलं फोल्डर दाखवायचं ते मग आपण ठरवतो.

दोन्ही बसवली असतील, तर ‘विच’ कमांडला विचारा. उबंटूच्या पाथमध्ये स्नॅपचं फोल्डर सहसा शेवटी असतं, म्हणून ॲप्टवालं आधी चालतं.