जुन्या मराठी संहिता आणि संगणकाच्या मागील कार्यप्रणालीचा आश्रय

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम म्हणून वारकऱ्यांना आणि अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे शिल्पाभ्यासकांना परिचित आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्या गावाचे अगत्य वाटते ते तेथील यादवकालीन मराठी शिलालेखांमुळे. जुन्या मराठीतील कोरीव लेखांचे साक्षेपी संपादन डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात केले व पुणे विद्यापीठाने तो ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाचे छापील पान आजही उघडावे आणि वाचावे. परंतु समजा, एखाद्या संशोधकाने २००० सालच्या सुमारास वेळापूरच्या लेखांची वाचने ठशांवरून पुन्हा तपासली आणि ती संगणकावर टंकित करून ठेवली. तर त्या वाचनांची आज काय अवस्था असेल? शिळेवरील अक्षर ऊनपाऊस सोसून सुमारे सात शतके टिकले. त्याची संगणकीय प्रत मात्र पंचवीस वर्षांतच वाचता येईनाशी झालेली असण्याचा बराच संभव आहे.

हा प्रश्न एकट्या वेळापूरचा नाही. १९९० नंतरच्या दीड-दोन दशकांत मराठीत संगणकावर टंकित झालेले प्रबंध, बोलीभाषांची शब्दसंकलने, लोकगीतांचे संग्रह आणि कोशांची टिपणे यांतील फार मोठा भाग याच अवस्थेत आहे. नव्या लॅपटॉपवर अशी फाईल उघडली असता देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची निरर्थक खिचडी दिसते. ‘नव्या विंडोजने फाईल बिघडवली’ असा निष्कर्ष मग काढला जातो आणि लॅपटॉपवरील कार्यप्रणाली, म्हणजेच व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात ती, काढून तिच्या जागी जुनी आवृत्ती बसवावी असा उपाय सुचविला जातो. या उपायाची योग्यायोग्यता ठरविण्यापूर्वी मुळात बिघाड कोठे आहे हे पाहणे इष्ट ठरेल.

संगणक अक्षर साठवीत नाही, तर क्रमांक साठवितो. कोणत्या क्रमांकाने कोणते अक्षर समजावयाचे हा संकेताचा भाग आहे. भारतीय लिपींसाठी असा संकेत ‘इस्की’ या नावाने सिद्ध झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाला. त्याच वर्षी प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच आधारलेली आहे. म्हणजे शास्त्रशुद्ध संकेत उपलब्ध नव्हता असे नाही. पण विंडोजमध्ये देवनागरीची युनिकोड व्यवस्था आली ती विंडोज २००० पासून, आणि ती सर्वसामान्य लेखकाच्या टेबलावर पोहोचण्यास आणखी काही वर्षे गेली. मधल्या काळात छपाईचे काम थांबणे शक्य नव्हते. तेव्हा श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांनी एक व्यवहारी युक्ती योजिली. रोमन अक्षरांना नेमून दिलेल्या क्रमांकांवर त्यांनी देवनागरीच्या आकृती बसविल्या. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच राहिला. फॉन्टने त्यावर देवनागरीचा वेष चढविला. (मराठी प्रकाशनव्यवसाय त्या वर्षांत या युक्तीवरच चालला, हे तिच्या दोषांची चर्चा करताना विसरता कामा नये.)

या व्यवस्थेत साठविले जातात ते वर्ण नव्हेत, तर आकृतींचे तुकडे. ‘ग’ हे एक अक्षर नसून अर्धा ग आणि उभा दंड असे दोन तुकडे असू शकतात. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो. पण तो डोळ्यांना आधी दिसतो म्हणून तेथे आधीच टंकित होतो. ‘मूर्ति’ या शब्दात युनिकोड म, दीर्घ ऊकार, र, हलन्त, त, इकार असा उच्चारानुसारी क्रम ठेवते, तर जुन्या फॉन्टमध्ये म, ऊकार, इकार, त आणि शेवटी रफार असा दृश्य क्रम असतो. शिवाय प्रत्येक संचाची आकृतींची वाटणी निराळी. एका संचातील ‘क’चा क्रमांक दुसऱ्या संचात भलत्याच अक्षराचा असतो.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे पहिला निष्कर्ष सरळ निघतो. फाईलमधील क्रमांक बहुधा शाबूत असतात. हरवलेला असतो तो फॉन्ट. मजकूर वर्डसारख्या सामान्य लेखनसंचात टंकित केलेला असेल, तर तोच जुना फॉन्ट नव्या विंडोजवर बसविताच अक्षरे पूर्ववत् दिसू लागतात, कारण ट्रूटाइप प्रकारचे फॉन्ट विंडोज ११ वरही चालतात. अशा प्रसंगी संपूर्ण कार्यप्रणाली बदलणे म्हणजे चष्मा हरवला म्हणून घर बदलण्यासारखे आहे. तरीही हा खटाटोप वारंवार केला जातो, आणि त्यात लॅपटॉपवरील इतर कामाची हानी होते ती निराळीच.

मागील प्रणालीची खरी गरज पडते ती वेगळ्या ठिकाणी. काही संच आपला मजकूर स्वतःच्याच खास रचनेत साठवीत. ती फाईल त्या संचावाचून उघडतच नाही. संच पुन्हा बसवावा तर त्याचा बसवणी-कार्यक्रम पुष्कळदा १६-बिट काळातला असतो, आणि ६४-बिट विंडोज असे कार्यक्रम मुळीच चालवीत नाही. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती निघत असे. विंडोज ११ ची तशी आवृत्तीच नाही. त्यात कुलुपाची अडचण आहे. चोरट्या प्रती होऊ नयेत म्हणून अनेक संचांबरोबर एक छोटे उपकरण, ज्याला डाँगल म्हणत, दिले जाई. ते संगणकाला जोडल्याशिवाय संच चालत नसे. या कुलपाचा जुना चालक-कार्यक्रम, म्हणजे ड्रायव्हर, ६४-बिट विंडोज स्वीकारीत नाही, कारण व्हिस्टापासून तेथे प्रमाणित स्वाक्षरी असलेलेच ड्रायव्हर चालतात. कुलूप प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला जोडावयाचे असेल तर आजच्या लॅपटॉपवर तसा पोर्टच नसतो. त्याहून मागे गेल्यास सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर तयार झालेला मजकूर भेटतो. ते कार्ड टेबलावरील संगणकाच्या आत बसविण्याचे होते. तेथे लॅपटॉपचा विचारच करावयास नको.

आता प्रत्यक्ष परतीचा मार्ग. जुन्या आवृत्तीकडे परतण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. व्हिस्टा २००७ च्या आरंभी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली तेव्हा जगभरच्या असंख्य ग्राहकांनी एक्सपीच पसंत केली आणि मायक्रोसॉफ्टला एक्सपीची विक्री २००८ च्या जूनअखेरपर्यंत लांबवावी लागली. व्यावसायिक आवृत्तीच्या परवान्यात मागील आवृत्ती वापरण्याचा हक्कही समाविष्ट असे. पण त्या वेळी यंत्र आणि प्रणाली एकाच पिढीतील होती. आज तसे नाही. विंडोज १० वरून ११ वर नुकतेच गेलेल्यास दहा दिवसांच्या आत सेटिंगमधूनच मागे फिरता येते, कारण जुनी प्रणाली तोवर डिस्कवर राखून ठेवलेली असते. ही मुदत टळली, किंवा लॅपटॉप मुळातच विंडोज ११ सह विकत घेतलेला असला, तर डिस्क पुसून नव्याने बसवणी करण्यावाचून गत्यंतर नाही. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क पुष्कळदा आपोआप कूटबद्ध झालेली असते. तिची पुनर्प्राप्ती-किल्ली आणि सर्व फाईलींची स्वतंत्र प्रत हाती असल्याखेरीज या कामाला हात घालू नये.

आणि विंडोज ७ किंवा एक्सपी? येथे अडथळे यंत्राच्या पिढीचे आहेत. विंडोज ७ च्या बसवणी-तबकडीत नव्या यूएसबी पोर्टांचे ड्रायव्हर नाहीत. परिणामी बसवणी सुरू होते आणि कीबोर्ड व माऊस मुके होऊन बसतात. आजची एनव्हीएमई डिस्क तिला आपण होऊन ओळखता येत नाही. एक्सपीला तर साटा डिस्कची त्यापूर्वीची पद्धतही परकी आहे, आणि तिला यंत्र सुरू होण्याची जुनी बायोस पद्धत लागते. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांतून ती नाहीशी झाली आहे. सारांश, २००५ सालचा लॅपटॉप असेल तर एक्सपी बसवावी. आजच्या लॅपटॉपवर ती थेट बसविण्याचा प्रयत्न बहुधा व्यर्थ जाईल.

सुदैवाने प्रणाली न बदलताही मागे जाता येते. व्हर्च्युअलबॉक्ससारखा कार्यक्रम संगणकाच्या आत एक आभासी संगणक उभा करतो. त्याला डिस्क, पडदा, बायोस सर्व काही एक्सपीला ओळखता येईल असे जुन्या धर्तीचे पुरविले जाते. परवाना असलेली एक्सपी त्यात बसवावी, तिच्यात जुना संच बसवावा आणि फाईल उघडावी. बाहेरची नवी प्रणाली अबाधित राहते. यूएसबी कुलूप असल्यास ते आतल्या यंत्राकडे सोपविता येते. रुंद पोर्टचे कुलूप मात्र येथेही अडते, आणि मग विभागाच्या अडगळीत पडलेला एखादा जुना संगणकच शोधावा लागतो. असा संगणक सापडला तर तो भंगारात देण्याची घाई करू नये.

आभासी असो वा खरी, जुनी प्रणाली आंतरजालाला जोडू नये. एक्सपीची सुरक्षादुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० च्या सर्वसाधारण आवृत्तीची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉन्नाक्राय’ या उपद्रवी कार्यक्रमाने दुरुस्ती न केलेल्या संगणकांवरील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली होती. संशोधनसामग्रीची एकमेव प्रत अशा संकटात टाकणे अक्षम्य होय.

परंतु भाषाभ्यासकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जुन्या प्रणालीत मजकूर वाचता येतो, पण तेथे राहून पुढील संशोधन करता येत नाही. तेथे ‘मूर्ति’ शोधू गेल्यास संगणक आकृतींचे तुकडे शोधतो. अकारविल्हे लावू गेल्यास रोमन क्रमांकांप्रमाणे लावतो. इतकेच नव्हे, तर मागील आवृत्तीबरोबर मागील वर्णसंचही पत्करावा लागतो. मराठीतील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, एक्सपीच्या मूळ फॉन्टला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. मोडी लिपी युनिकोडमध्ये आली २०१४ साली. आणि वेळापूरच्या काळातील लेखांच्या अभ्यासकाला ज्याची विशेष गरज आहे ते पृष्ठमात्रेचे चिन्ह आले २००९ मध्ये.

पृष्ठमात्रा म्हणजे एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या मागे, डावीकडे, उभ्या रेघेने दाखविण्याची पद्धती. यादवकालीन देवनागरी लेखांत ती आढळते. जुन्या फॉन्टमध्ये तिच्यासाठी सोय नसल्यास टंकन करणाऱ्यास सहज सुचणारी तोड म्हणजे व्यंजनापूर्वी काना देणे. कागदावर ते हुबेहूब शिळेसारखे दिसते. पण हीच फाईल रूपांतर-कार्यक्रमात घातली की तो काना मागच्या अक्षराला चिकटतो. ‘श्रीरामचंद्रदेव’मधील ‘दे’ जर असा लिहिला असेल, तर हाती ‘श्रीरामचंद्रादव’ येते. एकार नाहीसा होतो आणि जो लेखात नाही असा दीर्घ आकार निर्माण होतो. पुढे कोणी या संहितेवरून जुन्या मराठीतील विभक्तिरूपांची गणना केली, तर हा टंकनाचा अपघात व्याकरणाचा पुरावा म्हणून उभा राहील.

दुसरा धोका आधुनिक मराठीतला आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांत रफार व अर्धा ऱ्य एवढाच भेद. पहिल्यात गुरू, दुसऱ्यात स्वयंपाकी. जुन्या फॉन्टमध्ये या दोन आकृतींना निरनिराळे क्रमांक असतात. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाच्या कर्त्याने, विशेषतः तो हिंदीच्या सवयीचा असल्यास, दोन्ही आकृती ‘र’च्याच मानून एकाच संयोगात ढकलल्या तर हा भेद कायमचा पुसला जातो आणि फाईल मात्र निर्दोष दिसत राहते. म्हणून कोणताही रूपांतर-कार्यक्रम स्वीकारण्यापूर्वी त्याला ‘मूर्ति’, ‘आचाऱ्यास’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘ऱ्हास’ असे मोजके शब्द घालून पाहावे. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे.

तेव्हा मागील प्रणालीत जावे ते चार वस्तू घेऊन येण्यासाठी : मूळ फाईल जशीच्या तशी, तिचा फॉन्ट, त्या फॉन्टमध्ये छापावी तशी पीडीएफ प्रत, आणि युनिकोडमध्ये रूपांतरित संहिता. पीडीएफ शोधण्याच्या कामी येत नाही, पण संशोधकाने पडद्यावर नेमके काय पाहिले होते याची साक्ष तीच देते, आणि रूपांतरित संहिता तिच्याशी अक्षरशः ताडून पाहता येते. ताडण्याचे काम दोघांनी करावे, एकाने वाचावे व दुसऱ्याने पाहावे, ही मुद्रितशोधनाची जुनी रीत येथेही उपयोगी पडते. पीडीएफ आणि संहिता यांत मेळ बसला, तरी पृष्ठमात्रा असलेल्या ओळी ठशाशीच ताडाव्या लागतात. तेथे टंकन करणाऱ्याने काना कोणत्या हेतूने दिला होता हे फाईल सांगू शकत नाही, आणि ठसा उमटलेला नसेल तर वेळापूरला जाऊन शिळा पाहावी लागते.