‘रनिंग किती झालंय?’

जुनी गाडी बघायला गेलेला मराठी माणूस पहिला प्रश्न ठरलेला विचारतो: रनिंग किती झालंय? मालक कितवा, टायर कसे, विमा कधी संपतो, हे सगळं त्यानंतर. टेक्सास-कोलोराडोत स्थिरावलेलं मराठी कुटुंब सुट्टीत कॅम्पर ओढत न्यायला सेकंडहँड डिझेल पिकअप शोधू लागतं, तेव्हा बहुतेक वेळा हाच प्रश्न सोबत घेऊन निघतं. छोट्या पेट्रोल गाडीला तो ठीक आहे. डिझेल पिकअपच्या बाबतीत मात्र तो दिशाभूल करतो, कारण या वाहनाला चालण्यापेक्षा न चालणं जास्त बाधतं. कमी चाललेला ट्रक म्हणून जास्त पैसे मोजून घरी आणलेली वस्तू पुष्कळदा बाजारातली सगळ्यात दुखणाईत वस्तू असू शकते.

आधी वाहनाची ओळख करून घेऊ, कारण आपल्याकडे पिकअप म्हटलं की भाजीच्या क्रेट्सनी भरलेली बोलेरो डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतला हेवी ड्यूटी पिकअप म्हणजे फोर्डचा एफ-२५० किंवा एफ-३५०, रॅमचा २५०० किंवा ३५००, शेव्हरलेचा सिल्व्हराडो एचडी आणि त्याचंच जीएमसी भावंड सिएरा. पुढे पाच-सहा माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा आणि बॉनेटखाली सहा ते साडेसात लिटरचं इंजिन. त्याच्या मागे जोडायचा कॅम्पर म्हणजे पलंग, शेगडी, संडास-बाथरूम असलेलं चाकांवरचं घर. साधा ट्रॅव्हल ट्रेलर ट्रकच्या शेपटाला, म्हणजे मागच्या हिचला अडकतो. त्याहून मोठा ‘फिफ्थ व्हील’ थेट हौद्यात, मागच्या आसाच्या वर टेकतो. फोर्डच्या इंजिनाचं नाव पॉवर स्ट्रोक, शेव्हरलेचं ड्युरामॅक्स आणि रॅमचं कमिन्स. हे शेवटचं नाव पुणेकरांना सांगावं लागत नाही. १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत ही कंपनी कोथरूडला आली आणि पुढे तिच्या नावाचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेजही शहरात उभं राहिलं. मूळची ती इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची. तिचं एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं ५.९ लिटरचं इंजिन १९८९ च्या डॉज पिकअपमध्ये बसलं आणि तिथून या ट्रकांची कीर्ती वाढली. ‘पाच लाख मैलांना मरण नाही’ अशी जी बोलणी कानावर येतात, ती बहुतांशी त्या काळच्या साध्या, यांत्रिक इंजिनांच्या पुण्याईवर चाललेली आहेत.

ती पुण्याई २००७ नंतरच्या ट्रकाला जशीच्या तशी लागू होत नाही. त्या वर्षापासूनच्या प्रदूषण नियमांमुळे एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी जाळी आली. तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरली की तिच्यातली काजळी जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी आतलं तापमान साधारण साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सियसपर्यंत जावं लागतं. ट्रक मागे वजन घेऊन तासभर चढ चढत असेल, तर हे काम पुष्कळसं आपोआप होतं. तो रोज चार मैलांवरच्या ऑफिसला जाऊन येत असेल, तर इंजिन धड तापतही नाही. मग ट्रकाचा कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून जाळी तापवायला लागतो, तोवर मालक ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचून चावी काढतो आणि काम अर्धवट राहतं. असं शंभरदा झालं की जाळी तुंबते. काही इंजिनांत हे जादा डिझेल सिलिंडरच्या कडेने झिरपून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. महाराष्ट्रात एप्रिल २०२० नंतर बीएस-६ डिझेल गाडी घेतलेल्यांना हा अनुभव ऐकून तरी माहीत असेल: डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मेकॅनिक म्हणतो, एकदा एक्स्प्रेसवेवर फिरवून आणा. अमेरिकेत २०१० च्या पुढच्या नियमांनी यात आणखी एक टाकी वाढवली. तिच्यात डीईएफ नावाचं द्रावण असतं: साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. हे द्रावण उणे अकरा अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून टाकीला हीटर असतो. ते वाळलं की पांढरे खडे धरतात, आणि मग पंप आणि सेन्सर कुरकुरायला लागतात. उभ्या राहणाऱ्या गाडीला हे सगळं जास्त भोवतं.

आता समजा दोन ट्रक विक्रीला आहेत, दोन्ही आठ वर्षांचे. एकाने चाळीस हजार मैल केलेत, शहरातल्या शहरात. दुसऱ्याने एक लाख वीस हजार, त्यातले बरेचसे महामार्गावर, मागे ट्रेलर लावून. रनिंगच्या हिशेबाने पहिला उजवा, आणि बाजारही त्याला बरीच जास्त किंमत देतो. यंत्राच्या हिशेबाने दुसऱ्याची जाळी, टर्बो आणि ऑइल यांचं आयुष्य जास्त सुखात गेलेलं असण्याची शक्यता मोठी. कुणाचं आयुष्य कसं गेलं हे ओळखायचं साधन ट्रकातच असतं. अलीकडच्या बहुतेक डिझेल पिकअपमध्ये मैलांबरोबर इंजिन किती तास चाललं हेही दिसतं, आणि काहींमध्ये त्यातले किती तास ते नुसतं उभ्याउभ्या चालू होतं हेही. मैलांना तासांनी भागा. उत्तर ताशी पस्तीस-चाळीस मैलांच्या वर आलं, तर ट्रक रस्त्यावर राबलेला आहे. ते वीसच्या आसपास आलं, तर तो सिग्नलवर आणि बांधकामाच्या जागी धुगधुगत उभा होता. चाळीस हजार मैल आणि दोन हजार तास, म्हणजे सरासरी वीस. असा ‘कमी चाललेला’ ट्रक मी विकत घेणार नाही, कितीही चकचकीत असला तरी.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. आयुष्यभर ओझी ओढलेला ट्रक झिजलेला नसेल का? असेलच. पण झीज कुठे होते ते ठाऊक असतं, आणि ठाऊक असलेली झीज तपासता येते. गिअरबॉक्सचं ऑइल काळं पडलंय का, जळका वास येतो का, डिफरन्शिअलचं ऑइल कधी बदललं, ब्रेक आणि स्टिअरिंगचे सांधे किती ढिले आहेत, हे चांगला डिझेल मेकॅनिक लिफ्टवर घेऊन सांगू शकतो. हौद्याच्या तळाला भोकं किंवा रूळ दिसले, तर ट्रकाने बहुधा फिफ्थ व्हील ओढलेलं आहे. त्यात दोष काही नाही, फक्त विकणारा ‘कधी काही ओढलंच नाही’ म्हणत असेल, तर तो आणखी काय लपवतोय असं मनात यावं. शिवाय व्यवस्थित ओढणारा माणूस सहसा वह्या ठेवतो. प्रत्येक ऑइल बदलाला दहा-बारा लिटर ऑइल आणि वेळोवेळी डिझेलचे फिल्टर लागणाऱ्या गाडीची पावती हरवण्याइतकी किरकोळ नसते. त्या पावत्यांचं बाड ही या सौद्यातली खरी कागदपत्रं. नाव ट्रान्स्फर करायचे कागद काय, कुणाकडेही असतात.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा: मग २००७ च्या आधीचाच ट्रक का घेऊ नये? ना जाळी, ना युरिया. फोर्डचं ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक, २००६-०७ चं एलबीझी ड्युरामॅक्स किंवा ५.९ चं कमिन्स. ही इंजिनं खरोखर चांगली आहेत, याबद्दल वाद नाही. पण जुनं ते सोनं हा नियम इथे सरसकट चालत नाही. जाळी नसलेल्या त्याच काळात फोर्डचं ६.० लिटरचंही इंजिन होतं, २००३ ते २००७ या सालांचं. त्याचे ऑइल कूलर आणि ईजीआर कूलर तुंबून हेड गॅस्केट जायचे, आणि ते बनवणाऱ्या नॅविस्टारशी फोर्डचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. २००१ ते २००४ च्या ड्युरामॅक्सचे इंजेक्टर बदनाम आहेत. आणि सगळ्यात चांगलं इंजिनही आज वीस वर्षांच्या गाडीत बसलेलं आहे. मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत गाडीचा पत्रा कसा पोखरतो हे पाहिलेल्याला पुढचं सांगायला नको. इथे पत्र्यासोबत चासीही जाते, आणि तिला तर कॅम्पर अडकवायचा असतो. ज्याला स्वतः हातात पाना धरता येतो त्याने ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातला जुना ट्रक खुशाल घ्यावा. पण बायकामुलांना घेऊन निघालेल्या माणसाला भर डोंगरात वीस वर्षांच्या ब्रेकच्या नळ्यांवर भरवसा ठेवायला सांगणं मला पटत नाही.

तिसरी वाट बाजारात हळू आवाजात सुचवली जाते: जाळी आणि युरियाचा पसारा काढून टाकलेला ‘डिलीट’ केलेला ट्रक. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये अंदाज बांधला होता की दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपवर हा प्रयोग झाला, म्हणजे असा ट्रक समोर येणं दुर्मीळ नाही. ही छेडछाड क्लीन एअर ॲक्टच्या विरुद्ध आहे. कॅलिफोर्नियात १९९८ नंतरच्या डिझेल पिकअपला दर दोन वर्षांनी स्मॉग चाचणी असते, तिथे असा ट्रक नापासच होतो. पुन्हा मूळ सामान बसवायचं तर खर्च हजारो डॉलरांत जातो. ओळखायची सोपी खूण: इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवा. जाळी शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ बाहेर येतं. काळंकुट्ट आलं, तर जाळी फुटली आहे किंवा काढली आहे. कंपन्याही या बाबतीत धुतल्या तांदळासारख्या नाहीत. २०१३ ते २०१९ या सालांच्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपमधल्या इंजिनांत प्रदूषण चाचणी चुकवणारं सॉफ्टवेअर असल्याच्या आरोपावरून कमिन्सने २०२३ च्या अखेरीस १६७ कोटी डॉलरांहून जास्त दंड कबूल केला. चूक मात्र मान्य केली नाही. म्हणून त्या सालांचा रॅम घेताना दुरुस्तीचं नवं सॉफ्टवेअर घातलंय का हे विचारावं, आणि कुठल्याही ट्रकाचा सतरा अक्षरी व्हीआयएन नंबर सरकारच्या एनएचटीएसए संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून राहिलेले रिकॉल फुकट बघावेत. आणखी एका भागाची चौकशी हवीच: बॉशचा सीपी४ हा इंजेक्शन पंप. २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये, २०११ पासूनच्या फोर्डमध्ये आणि २०१९-२० च्या रॅममध्ये तो मुळात बसवलेला होता. त्याला वंगण डिझेलचंच. तो आतून खरवडला गेला की धातूचा चुरा सगळ्या इंधनव्यवस्थेत पसरतो आणि बिल दहा हजार डॉलरच्या आसपास जातं.

हे सगळं जमलं तरी मूळ प्रश्न उरतोच: हा ट्रक तुमच्या कॅम्परला पुरेल का? जाहिरातीत ओढण्याची क्षमता पंधरा-अठरा हजार पौंड वगैरे लिहिलेली असते आणि खरेदीदार तिथेच भाळतो. ओढणं आणि पाठीवर घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के, आणि फिफ्थ व्हीलच्या वजनापैकी वीस टक्क्यांच्या आसपास भार ट्रकाच्या अंगावर येतो. तो किती पेलायचा हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, आणि ते एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांतही वेगळं असतं. डिझेल इंजिन स्वतःच कित्येकशे पौंडांनी जड. त्यामुळे चार दारांच्या, फोर बाय फोर, सगळ्या सोयींच्या २५०० श्रेणीतल्या डिझेल ट्रकाच्या स्टिकरवर पुष्कळदा दोन ते अडीच हजार पौंडच असतात. आता हिशेब करा. सात हजार पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर, त्याचे तेरा टक्के म्हणजे ९१०. हिच शंभर. चौघांचं कुटुंब सहाशे. सायकली, कूलर, हत्यारं दोनशे. झाले १,८१०. बसतंय. त्याच ट्रकाला बारा हजार पौंडांचा फिफ्थ व्हील लावला, तर नुसत्या कॅम्परचेच २,४०० झाले, माणसं अजून बसायचीच आहेत. इथे इंजिनाची ताकद काहीच मदत करत नाही, कारण कमी पडतायत त्या स्प्रिंगा, आस आणि टायर. त्यासाठी ३५०० श्रेणीच हवी. म्हणून कॅम्पर आधी ठरवावा, ट्रक मागून. बाजारात सर्रास उलटं होतं.

याच हिशेबातून सगळ्यात वजनदार आक्षेप निघतो, आणि तो मी खोडून काढणार नाही. कॅम्पर सहा-सात हजार पौंडांचा असेल आणि वर्षातून तीन-चारदाच बाहेर पडणार असेल, तर डिझेल हवंच कशाला? नकोच. अमेरिकेत डिझेल सहसा पेट्रोलपेक्षा महाग विकलं जातं. ते स्वस्त असतं ही आपल्याकडची सवय तिथे उपयोगी नाही. पेट्रोलचा हेवी ड्यूटी ट्रक स्वस्त मिळतो, स्टिकरवर जास्त भार दाखवतो, आणि उरलेले अकरा महिने शहरात फिरला तरी त्याला तुंबायला डीपीएफची जाळीच नसते. वर्षातले चार दौरे सोडून किराणा आणायला जो डिझेल पिकअप वापरेल, तो स्वतःच चाळीस हजार मैलांचा दुखणाईत ट्रक तयार करत असतो. डिझेलचं पारडं जड होतं ते डोंगरात. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोराडोतला आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११ हजार फुटांच्या वर जातो, तिथवर जवळजवळ एक तृतीयांश दम संपलेला असतो. टर्बो डिझेलला ही उणीव फारशी जाणवत नाही, आणि उतारावर त्याचा एक्झॉस्ट ब्रेक चाकांच्या ब्रेकना हात लावू न देता वेग धरून ठेवतो. वारंवार रॉकीजमध्ये जाणारा, मोठं घर ओढणारा, सुट्टीत हजारो मैल तोडणारा, असा माणूस डिझेलचं खरं गिऱ्हाईक.

सौदा ठरवायच्या दिवशी विकणाऱ्याला आधीच सांगावं की इंजिन थंड ठेव, आणि पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून बघावं. गरम लागलं तर थंडीत सुरू व्हायला कुरकुरणारं काहीतरी झाकलेलं असू शकतं. ट्रक घरी आल्यावर कॅम्पर जोडून, पाण्याची टाकी भरून, माणसांसकट जवळच्या ट्रक स्टॉपवरच्या ‘कॅट स्केल’ या वजनकाट्यावर न्यावा. थोडक्या डॉलरांत पुढच्या आसाचं, मागच्या आसाचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. ती चिठ्ठी दाराच्या चौकटीवरच्या आकड्यांशेजारी धरायची. मागच्या आसाचा आकडा मर्यादेच्या वर निघाला, तर पहिल्यांदा पाण्याची टाकी रिकामी करायची, मग हौद्यातलं सामान उतरवायचं, आणि तरी जमलं नाही तर कॅम्पर लहान घ्यायचा.