सकाळच्या दुधाला फॅट कमी का लागते?

परवा सीहोर रस्त्यावरच्या एका गावात दूध संकलनाच्या वेळी थांबलो होतो. फॅट कमी लागली म्हणून एक तरुण कुरकुरत होता. त्याची समजूत काढत होते गावच्या दूध समितीचे अध्यक्ष, जे स्वतःही म्हशी पाळतात. म्हणून ही पोस्ट.

भोपाळमध्ये आपण घेतो ती ‘सांची’ची पिशवी अशाच समित्यांमधून येते. गावात समिती, वर भोपाळ सहकारी दुग्ध संघ, त्यावर राज्याचा महासंघ. हा आणंदच्या दूध सहकाराचाच नमुना.

दुधाचा भाव ठरतो फॅट आणि एसएनएफवर. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ.

दोन धारांमधलं अंतर जास्त असलं की दूध वाढतं, पण फॅट घटते. रात्रीचं अंतर मोठं, म्हणून सकाळी फॅट कमी.

शेवटच्या धारा सगळ्यात दाट असतात. वासरू शेवटी सोडलं की मलई त्याच्या पोटात! म्हणून जाणते लोक त्याला आधी पाजतात आणि कास पूर्ण मोकळी करतात.

ओला-सुका चारा मिसळून द्या. नुसत्या ओल्यावर फॅट उतरते.

तुमच्याकडे किती फॅट लागते? काही विचारायचं असेल तर खाली लिहा.