सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात लपलेला चोर

मानसशास्त्रज्ञ खुनाचा तपास करतो अशी एखादी कादंबरी बीडमध्ये हातोहात फिरायला लागली, की तिच्याबरोबर मतंही फिरायला लागतात. कुणी म्हणतं, "शेवट मला निम्म्यातच कळाला होता." कुणाला मधली पन्नास पानं उगाच लांबवलेली वाटतात. एखाद्या बाईंना खुन्यापेक्षा त्याच्या आईचं प्रकरण जास्त चटका लावून गेलेलं असतं. आणि एक आक्षेप तर हमखास येतो : "समोरचा माणूस उत्तर देताना जरासा थांबला काय आणि ह्याला सगळं कळालं काय! असं कुठं असतंय का, सर?"

असतंय! आणि कसं असतं ते समजलं, की कादंबरी बाजूला ठेवून त्या थांबण्याचाच विचार करत बसावंसं वाटतं.

आक्षेप घेणाऱ्याची चूक नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही मंडळी मराठी घरांत नातेवाइकांसारखी वावरली. तिथे पाठलाग होते, वेषांतरं होती, पिस्तुलं रोखली जात होती. मानसशास्त्रज्ञ मात्र खुर्चीत बसून साधे प्रश्न विचारतो आणि ऐकतो. एवढ्यावर खुनी कसा सापडेल?

त्यासाठी शंभराहून अधिक वर्षं मागे, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला जाऊ. कार्ल युंग नावाचा तरुण डॉक्टर तिथल्या मनोरुग्णालयात एक अगदी साधा प्रयोग करत असे. तो एकेक शब्द म्हणायचा आणि ऐकणाऱ्याने मनात पहिला येईल तो शब्द लगेच उच्चारायचा. 'पाणी' म्हटलं की 'नदी'. 'टेबल' म्हटलं की 'खुर्ची'. युंगच्या हातात सेकंदाचा पाचवा हिस्सा दाखवणारं घड्याळ असायचं. शंभर शब्द, शंभर उत्तरं आणि प्रत्येक उत्तराला लागलेला वेळ, एवढाच सगळा खेळ.

आता चोरी. एका परिचारिकेचं तांबूस कातड्याचं पाकीट गेलं. आत पन्नास फ्रँकची नोट, चांदीची छोटी साखळी आणि एका चपला-बुटांच्या दुकानाची पावती. संशय तिघींवर. युंगने साध्या शब्दांच्या यादीत मधूनच 'साखळी', 'चांदी', 'पन्नास', त्या दुकानाचं नाव असे शब्द पेरले आणि तिघींना एकेक करून समोर बसवलं.

शेतात अनवाणी चालणारा माणूस काटा असेल तिथे नकळत पाऊल जपून टाकतो. शब्दांच्या यादीवरून चालताना मनही तेच करतं. निर्धोक शब्दावर ते सरळ पुढे जातं, दुखऱ्या शब्दावर थबकतं. तिघींपैकी एक जण त्या पेरलेल्या शब्दांवर वारंवार थबकली, आणि पुढे तिनेच चोरी कबूल केली. १९०९ साली अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत युंगने ही हकिगत सांगितली.

इथे कुणी हुशार वाचक विचारेल, मग चोराने ठरवून भराभर उत्तरं दिली तर? खरी गंमत तर त्यातच आहे. युंगला दिसलं, की माणूस 'साखळी' या शब्दावर स्वतःला सावरून झटकन उत्तर देतो, पण त्याच्या पुढचा 'झाड'सारखा निरुपद्रवी शब्द आला की तिथे अडखळतो. सावरण्यात खर्च झालेली ताकद पुढच्या शब्दाला पुरत नाही! आणखी एक चकवा होता. सगळी यादी संपली की युंग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा आणि विचारायचा : मघाशी या शब्दाला तुम्ही काय उत्तर दिलं होतं? बहुतेक उत्तरं लोकांना आठवायची. विसर पडायचा तो नेमका दुखऱ्या शब्दांवर. आपण काय लपवलं हे लपवणाऱ्याच्याच आठवणीतून निसटावं, आणि त्या निसटण्यातूनच त्याने सापडावं, यावर आणखी काय बोलायचं?

हे ऐकून लेखक मंडळी गप्प बसणार होती थोडीच! ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हा जर्मन मानसशास्त्रज्ञ तेव्हा हार्वर्डला शिकवत होता. साक्षीदाराची स्मृती किती दगा देते यावर त्याने १९०८ मध्ये सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं. पाठोपाठ एडविन बाल्मर आणि विल्यम मॅकहार्ग या दोघांनी ल्यूथर ट्रँट हा नायक जन्माला घातला. तो प्रयोगशाळेतला तरुण सहायक, आणि तिथलीच उपकरणं घेऊन तो गुन्हेगार शोधतो. १९१० मध्ये त्याच्या कथांचं पुस्तक निघालं तेव्हा, ही उपकरणं आम्ही कल्पनेतून काढलेली नाहीत, प्रयोगशाळांत ती खरोखर वापरात आहेत, असं लेखकांनी वाचकांना आवर्जून सांगितलं. म्हणजे 'असं कुठं असतंय का' हा प्रश्न बीडच्या वाचकाआधी शिकागोच्या वाचकाच्याही ओठावर असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. आणि म्युन्स्टरबर्गचाच एक विद्यार्थी, विल्यम मार्स्टन, रक्तदाबावरून खोटं पकडण्याच्या खटपटीला लागला. 'वंडर वुमन' ही चित्रकथेतली नायिकाही त्याचीच. तिच्या दोरखंडात जो अडकतो त्याला खरं बोलावंच लागतं. आता कळलं तो दोरखंड कुठून आला?

मला स्वतःला या सगळ्या घराण्यातली सगळ्यात सुंदर कादंबरी वाटते ती अगाथा ख्रिस्तीची १९३६ सालची 'कार्ड्स ऑन द टेबल'. एका खोलीत चौघे ब्रिज खेळताहेत, शेकोटीजवळ यजमान खुर्चीत बसलेला, आणि डाव संपतो तेव्हा त्याचा खून झालेला असतो. ठसे नाहीत, धागेदोरे नाहीत. तपास करणारा गुप्तहेर पॉयरो काय मागतो? ब्रिजच्या गुणांचे कागद! कोण कसा खेळला, कुणी कधी धाडस केलं, कोण कधी चाचरला, हे तो त्या आकड्यांत वाचतो. मग प्रत्येकाला विचारतो, त्या खोलीत काय काय होतं ते आठवून सांगा. एकाला गालिचे आठवतात, दुसऱ्याला वेगळंच काही. माणसाचं लक्ष कशावर जातं यावरून तो माणूस कसा आहे ते कळतं, आणि माणूस कसा आहे ते कळलं की खून कुणाच्या हातून झाला असेल तेही. या कादंबरीच्या प्रस्तावनेत ख्रिस्तीबाई म्हणतात, की पॉयरोला हे प्रकरण फार आवडतं, पण त्याच्या मित्राला, हेस्टिंग्जला, ते अगदी कंटाळवाणं वाटलं. वाचक कुणाच्या बाजूने असतील याची त्यांना उत्सुकता होती. मी पॉयरोच्या बाजूने आहे, आणि हेस्टिंग्जच्या बाजूचे वाचक मला रोज भेटतात.

आता सुरुवातीच्या त्या पहिल्या मताकडे वळू : "शेवट मला निम्म्यातच कळाला होता." बोलणारा प्रामाणिक असतो. पण त्याचं मन त्याला फसवत असतं, आणि तेही मोजलं गेलेलं आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना विचारलं : दौऱ्यात अमुक घडेल याची शक्यता किती? तमुक घडेल याची किती? दौरे संपल्यानंतर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता ते आठवून सांगा. जे घडलं होतं त्याबद्दलचा आपला जुना अंदाज लोकांना वाढवून आठवला! निकाल कळला की मन मागे जाऊन आपलीच जुनी वही दुरुस्त करतं आणि खाडाखोड कुठेही दिसू देत नाही. रहस्यकथेचा लेखक नेमका यावर जगतो. निम्म्या पुस्तकापर्यंत आपण पाच जणांवर आळीपाळीने संशय घेतलेला असतो, शेवटी त्यातला एक निघतो, आणि उरलेले चार संशय आठवणीतून पुसले जातात. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी निम्म्यावर आल्यावर चिठ्ठीवर एकच नाव लिहा आणि ती पानांत ठेवून द्या.

पण हे सगळं कागदावरचं. आपल्याकडे खऱ्या तपासात मनाचं दार कुणी कसं उघडलं?

१९६८ चा ऑगस्ट, मुंबई. उपनगरांत झोपड्यांत आणि रस्त्याकडेला झोपणाऱ्या गरिबांचे खून पाडणारा रामन राघव पकडला गेला. तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णी या अधिकाऱ्याकडे होती. दोन दिवस आरोपी तोंड उघडेना. शेवटी त्याला विचारलं गेलं, तुला काय पाहिजे? तो म्हणाला, कोंबडी. कोंबडी आली. ती खाऊन झाल्यावर त्याने डोक्याला तेल मागितलं, कंगवा मागितला, आरसा मागितला. तेल लावलं, भांग पाडला, आरशात स्वतःला न्याहाळलं. आणि मग बोलायला लागला! खून कसे केले, कुठे केले, सगळं. शब्दांची यादी नाही, घड्याळ नाही. समोरच्या माणसाला काय हवंय एवढंच विचारायचं आणि ते द्यायचं, इतकंच त्या तपासाला सुचलं, आणि तेवढं पुरलं.

पुढे मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ त्याच्यासमोर अनेकदा बसलं, तेव्हा त्यांना जे दिसलं ते आणखी चक्रावणारं होतं. या माणसाच्या लेखी जगं दोन होती : एक 'कानून'चं आणि एक ज्यात तो स्वतः राहत होता. तज्ज्ञांनी निदान केलं जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं, आणि १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. तेल लावून शांतपणे भांग पाडणारा तो हात आणि ती दोन जगं एकाच माणसाची होती, हे पचायला अजूनही जड जातं.

हेच रमाकांत कुलकर्णी काही वर्षांनी आपल्या शेजारी आले. माजलगावातून निघून गोदावरी ओलांडली की पाथरी, आणि पुढे मानवत. १९७२ ते ७४ या काळात तिथे लहान मुलींचे आणि बायकांचे खून पडले, आणि त्यामागे गुप्तधनाच्या हव्यासाची, नरबळीची गोष्ट निघाली. २०२४ मध्ये त्यावर 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली, आशुतोष गोवारीकरांनी कुलकर्णी साकारले. बीडकडे ती बघणाऱ्यांची मतंही ऐकण्यासारखी होती. तरुणांना प्रश्न पडला, की इतकी माणसं यावर विश्वास ठेवूच कशी शकली? वयस्कर मंडळींना तो प्रश्नच पडला नाही. गुप्तधनाच्या गोष्टी ऐकत ती वाढली होती. तिथे तपास करणाऱ्याला एकेका गुन्हेगाराच्या मनाबरोबर अख्ख्या गावाची भीती समजून घ्यावी लागली असणार. मानसशास्त्रज्ञ नायकाची मराठी कादंबरी लिहिणाऱ्याने ही जमीन जरूर धुंडाळावी.

मनाचं दार यंत्राने उघडण्याचाही प्रयत्न आपल्याकडेच झाला. चंपादी रामन मुकुंदन या शास्त्रज्ञांनी मेंदूतल्या विद्युतलहरींवरून 'अनुभवलेली आठवण' ओळखण्याची बीईओएस ही पद्धत काढली. संशयिताने डोक्याला इलेक्ट्रोड लावून, डोळे मिटून नुसतं बसायचं. कानावर वाक्यं पडत राहतात, पहिल्या पुरुषातली : मी दुकानात गेलो, मी विष घेतलं. तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. काय घडलं ते मेंदूने सांगायचं! २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात जन्मठेप सुनावताना अशा चाचणीचाही आधार घेतला आणि जगभरचे शास्त्रज्ञ अवाक झाले. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या नेतृत्वाखालील समितीने ही पद्धत शास्त्रीय म्हणता येणार नाही, असं सांगितलं.

का? कारण आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, 'धडकल्या' तेव्हा किती? आठवड्याने दोन्ही गटांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी 'आदळल्या' हा जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती, आणि 'धडकल्या' हा सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. एका क्रियापदाने डोळ्यांसमोर काचा सांडल्या! मग कानावर पडणाऱ्या त्या पहिल्या पुरुषातल्या वाक्यांनी मेंदूत काय काय उभं राहत असेल?

म्हणूनच ५ मे २०१० हा दिवस मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात थरारक वाटतो. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की औषधाच्या गुंगीत बोलतं करणारी नार्को, खोटं पकडू पाहणारी पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी कुणावरही जबरदस्तीने करता येणार नाही. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही, हे राज्यघटनेच्या २०व्या अनुच्छेदातलं संरक्षण न्यायालयाने मनाच्या आतपर्यंत नेलं. पॉलिग्राफ करायचाच तर संशयिताने राजीखुशीने होकार द्यायचा, वकिलाशी बोलायची संधी त्याला मिळायची, आणि तो होकार न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायचा.

कल्पना करा, बीडच्या न्यायालयात आपल्या कादंबरीतला संशयित उभा आहे. दंडाधिकारी विचारतात, चाचणीला तुमची तयारी आहे का? निर्दोष माणूसही घाबरून नाही म्हणेल. मुरलेला खुनी कदाचित हसत हो म्हणेल. आणि भिंतीजवळ उभी असलेली मानसशास्त्रज्ञ त्याचं उत्तर ऐकतेच आहे, पण प्रश्न संपल्यापासून ते उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ गेला तेही ती मोजते आहे.