नकाशातली वाडी

नाशिकहून पश्चिमेस हरसूलकडे जाणाऱ्या प्रवाशाला आषाढ-श्रावणात डोंगराचे जे हिरवे रूप दिसते, ते मनोहारी असते यात शंका नाही. तथापि याच उतारांवर आणि त्यांच्या पायथ्याशी आदिवासींच्या वाड्या-पाडे आहेत, नागली-वरईची शेते आहेत. आणि डोंगराच्या पोटात किती पाणी मुरले आहे, याचा अंदाज त्या हिरवाईवरून लागत नाही.

सह्याद्रीचा हा पट्टा थरांवर थर रचलेल्या बेसॉल्टचा आहे. वरच्या खडकाची झीज होऊन त्याचा मुरूम आणि माती बनते. मुसळधार पावसात हा थर पाण्याने तुडुंब होतो. त्याचे वजन वाढते, कणाकणांतली पकड सुटते आणि उतार पुरेसा तीव्र असेल तर तो सबंध घसरून खाली येतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचे तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी यांवर अशाच दरडी कोसळल्या. माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली. इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांचा पत्ता लागला नाही. हरसूलच्या डोंगरांचा खडक, उतार आणि पाऊस याच जातीचा आहे, म्हणून या घटनांचा विचार तेथे दूरच्या बातम्या म्हणून करून चालणार नाही.

अशा वेळी सुदूर संवेदनाच्या शास्त्राकडे आशेने पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. उपग्रहाने टिपलेली दरडीपूर्वीची व नंतरची चित्रे शेजारी ठेवली, तर हिरव्या उतारावरचा उघडा ओरखडा सहज ओळखता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८० हजार दरडींची नोंद आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने उतार, खडक, माती आणि जमिनीचा वापर यांची सांगड घालून देशातील डोंगराळ प्रदेशाचे दरडप्रवणतेचे नकाशे तयार केले आहेत. पावसाळ्यात ढगांमुळे साधा कॅमेरा निरुपयोगी ठरतो. रडारच्या लहरी मात्र ढगांतून पार जातात. ३० जुलै २०२५ रोजी, योगायोगाने माळीणच्याच तारखेला, प्रक्षेपित झालेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच भूभागावर परततो. त्याच्या रडारवरून जमिनीची सेंटिमीटरभर हालचालही मोजता यावी, अशी त्याची रचना आहे.

हे सारे स्वागतार्ह असले, तरी दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली नकाशाच्या प्रमाणाविषयीची. राष्ट्रीय पातळीवरील नकाशे एकास पन्नास हजार या प्रमाणावर आहेत. म्हणजे त्यांतील एक सेंटिमीटर जमिनीवरचे अर्धा किलोमीटर अंतर होय. तीस-चाळीस घरांची वाडी त्यावर जेमतेम एका ठिपक्याएवढी उरते. संबंध डोंगर धोक्याच्या रंगात रंगवलेला असला, तरी कोणते घर कोणत्या नाळेखाली आहे हे त्यातून कळत नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे दुर्घटनेनंतर शासनाकडूनच सांगण्यात आले. यादीत नाव नसणे म्हणजे सुरक्षित असणे, असा जो समज रूढ होतो, तो किती घातक आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता?

दुसरी गोष्ट वेळेची. संथपणे सरकणारा उतार रडारला दिसेल. पण अतिवृष्टीने रातोरात भिजून क्षणार्धात सुटणारी दरड बारा दिवसांच्या फेरीची वाट पाहत नाही. दरड कोठे पडू शकेल, हे नकाशा सांगतो. ती केव्हा पडू शकेल, याची सूचना पाऊस देतो. आणि आता निघाले पाहिजे, हे सांगायला मात्र जागेवरचे माणूसच लागते. उतारावर पडलेली नवी भेग, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा किंवा नव्याच जागी फुटलेले पाणी ही चिन्हे गुराख्याच्या नजरेस प्रथम पडतात.

तेव्हा हरसूलसारख्या भागात करावयाचे काम फार खर्चाचे नाही. एकास पाच हजार किंवा त्याहून मोठ्या प्रमाणाचे वाडीनिहाय नकाशे काढावेत, त्यांवर घरे, नाळा आणि बाहेर पडण्याच्या वाटा दाखवाव्यात, आणि ते मराठीत ग्रामपंचायतीच्या व आश्रमशाळेच्या भिंतीवर लावावेत. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असावा व त्याची नोंद विद्यार्थ्यांनी रोज फळ्यावर लिहावी. ग्रामस्थांनी सांगितलेली भेग तलाठ्याने कागदावर घ्यावी आणि ती सर्वेक्षण करणाऱ्यांच्या नकाशात उमटावी. धोका सिद्ध झाला, तर शेताजवळची पर्यायी जागा पावसाळ्यापूर्वी मिळाली पाहिजे. अन्यथा माणसे तेथून हलणार नाहीत, आणि त्यांना दोषही देता येणार नाही.

आकाशातून डोंगर पाहण्याची विद्या आपण संपादन केली आहे. त्या विद्येचे मोल, तिच्या आधारे एखादी वाडी वेळेवर रिकामी झाली की नाही, यावरूनच ठरेल.