‘मी बदलते’ म्हणणाऱ्या मुली कुठे आहेत?

ऑफिसचं प्रेझेंटेशन असो की मित्रांशी लागलेली पैज, आपण धाव घेतो विकिपीडियाकडे. ते लिहितं कोण? कुणीही, फुकट, घरबसल्या. मग या ‘कुणीही’त मुली किती? २०१० मध्ये निघालेल्या एका सर्वेक्षणात आकडा होता १३ टक्क्यांहूनही कमी! विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या कार्यकारी संचालक स्यू गार्डनर यांनी २०१५ पर्यंत २५ टक्क्यांचं टार्गेट ठेवलं. ते हुकलं, आणि हे त्यांनी मोकळेपणाने कबूलही केलं.

‘बायकांना वेळच नसतो हो’ हे ठेवणीतलं उत्तर मला काही पटत नाही. खरी मेख चर्चापानावर आहे. तुम्ही तासभर खपून परिच्छेद लिहिता, कुणीतरी एका क्लिकमध्ये तो उडवतं. कारण विचारलंत, की नियमांच्या पाच लिंक तोंडावर, वर एखादा टोमणा. भांडणाची हौस असलेले टिकतात, बाकीचे निमूट लॉग आउट! इंग्रजीत निदान टोपणनावामागे लपता येतं. मराठीत ‘मी बदलते’ म्हटलं, की क्रियापदच चुगली करतं.

लिहिणारे एकाच पठडीतले असले की काय निसटतं, बघा. २ ऑक्टोबर २०१८ ला डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मेरी क्युरी (१९०३) आणि मारिया गोपर्ट मायर (१९६३) यांच्यानंतरची ही तिसरीच महिला. आणि इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पानच नव्हतं! त्यांच्यासोबत नोबेल मिळालेले त्यांचे गाइड जेरार मूरू यांचं मात्र होतं. स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा त्याच वर्षी मे महिन्यात ‘संदर्भ अपुरे’ म्हणून परत गेला होता. परत पाठवणारा नियमानेच वागला, हे मान्य. पण बायकांबद्दल मुळात छापूनच कमी येत असेल, तर संदर्भ आणायचे कुठून? आणि ते चिकाटीने शोधणारे हातही कमीच.

२०१५ पासून ‘विमेन इन रेड’ हा गट नेमकं हेच काम करतोय. जे पान अजून नाही त्याची लिंक लाल दिसते, म्हणून हे नाव. तेव्हा इंग्रजीतल्या चरित्रांमध्ये बायकांची सुमारे १५ टक्के होती, आता २० च्या आसपास आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळ्या विकि प्रकल्पांसाठी एकच आचारसंहिता मंजूर झाली. शिवीगाळ, धमक्या, कुणाच्या मागे लागणं, सगळं बाद. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे : समोरची व्यक्ती स्वतःचा उल्लेख जसा करते, तसाच तुम्हीही करा.